पालखी पुलावर का नाचली नाही

एकाच दिवशी, एकाच कारखान्यात घडवलेले दोन पोलादी दांडे. एक खाडीवरच्या झुलत्या पुलाला लागला, दुसरा जादा म्हणून काठावरच्या उघड्या शेडमध्ये पडून राहिला. दोघांना तीच खारी हवा. मग शेडमधला ठणठणीत आणि पुलावरच्याला तडा, असं का?

हा प्रश्न मी गावाला कित्येक शिमगे विचारतो आहे. मी म्हणजे पूल तपासणारा यंत्रमानव. सहा पायांनी दांड्यांवर चढतो म्हणून पोरं मला खेकडा म्हणतात. चढून चढून सांधे कुरकुरतात हो माझे! तडा दाखवला की गावकरी त्यावर सणाचा ताजा रंग फासतात आणि म्हणतात, "बघ, झालो नवो!" पालथ्या घड्यावर पाणी. कंटाळलो मी.

आज पालखी पूल ओलांडणार होती. भर पुलात ती नाचवायची, ही इथली रीत. पुढचा खांदा गावातल्या छोट्या दुर्वाच्या आबांचा.

"खेकड्या, तडा खरंच वाईट आहे?" दुर्वाने विचारलं. एवढी एकच पोर मला विचारते.

"तुझ्या वेणीचं रबर दे."

मी रबराला बारीक चीर पाडली. चीर दिसेना. "आता ताण," म्हणालो. चिरेने लगेच तोंड उघडलं.

"या पोलादाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारा संरक्षक थर असतो. शेडमधला दांडा नुसता पडून आहे, त्याचा थर शाबूत राहिला. पुलावरच्याला सतत ताण (दोन्हीकडून ओढ). ताणाने थर फाटतो, फटीत खारं पाणी शिरतं आणि क्षरण (धातू गंजून झिजणं) सुरू होतं. बारीक खड्डा पडतो. मग सगळी ओढ त्या खड्ड्याच्या टोकाशी गोळा होते आणि तिथेच तडा जातो."

"आणि पालखी नाचली की?"

"ताण वाढतो, उतरतो, पुन्हा वाढतो. दर खेपेला तडा किंचित पुढे सरकतो. ही श्रांती (वारंवारच्या ताणाने धातूचं थकणं). मीठ एकटं असतं तर वेळ लागला असता, ओढ एकटी असती तरी लागला असता. दोघं मिळून फार घाई करतात."

दुर्वा रबर ताणत होती, सोडत होती. ते तट्‌कन तुटलं. तिचा चेहरा उतरला. "आबा!" ओरडत ती धावली.

पालखी पुलाच्या तोंडाशी आली होती. दुर्वा आडवी उभी राहिली आणि दुसऱ्या वेणीचं रबर काढून तिने तोच प्रयोग करून दाखवला. लोक चिडले. पण आबांनी पालखी उतरवली, मी दाखवलेल्या दांड्यावरचा रंग नखाने खरवडला. खाली काळी रेघ होती.

"अरे, ह्येच्यार रंग आमीच लायलो," आबा हळूच म्हणाले. मग वळून ओरडले, "पूल बंद करा! होडी हाडा!"

होडी आणून पालखी तिच्यात ठेवली. लाटांनीच ती नाचवली, तशी चिडलेली माणसंही ढोल वाजवू लागली. पलीकडच्या काठावर आबांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पुलान आजवर आमचो भार उचल्ल्यान, तेका आता इसावो मिळांदे! नवे दांडे लवकर येवंदेत! आणि त्या खेकड्याचा आता तरी गावान आयकांदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव गरजला.

खाऱ्या हवेने माझा आवाज केव्हाच घोगरा झालाय. तरी अलीकडच्या काठावरून सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो.