पहिला सांगणारा

लालासाहेब माने पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेले आणि परत येताना पोटरीत एक गोळी अन् पत्र्याच्या पेटीत अकरा अरबी पुस्तकं घेऊन आले. गोळी साताऱ्याच्या डॉक्टरांनी काढली. पुस्तकं मात्र पुढची पंचवीस वर्षं त्यांच्या डोक्यात रुतून बसली.

१९४५ साली पेन्शनीत बसून ते एक मराठी ग्रंथ लिहीत होते. इस्लामच्या पहिल्या काळाचा इतिहास जुन्या अरब इतिहासकारांनी कसा लिहून ठेवला, हा विषय. ते इतिहासकार शे-दोनशे वर्षांनंतरचे. पण पदरचा शब्द घालायचे नाहीत. ‘हे मला अमक्यानं सांगितलं, त्याला तमक्यानं, आणि तमक्याच्या आज्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं,’ अशी नावांची साखळी आधी, घटना मागून. दोन साखळ्या दोन गोष्टी सांगायला लागल्या, तर दोन्ही एकाखाली एक उतरवायच्या आणि खाली लिहायचं, खरं काय ते देव जाणे. शिवाय प्रत्येक सांगणाऱ्याची चौकशी व्हायची. त्याची याददाश्त कशी? कधी खोटं बोललाय का? एक कडी कच्ची निघाली की सगळी साखळी बाद.

लालासाहेबांना हे फार आवडायचं. “माणूस फसवील,” ते म्हणायचे, “साखळी फसवत नाही.”

चैत्रातल्या एका सकाळी हरणाबाई त्यांच्या दारात येऊन बसली. खटावाकडची धनगरीण, वडूजच्या पलीकडे बोरजाईवाडीची. साताऱ्याच्या बाजारात लोकर विकायला आली होती, तिथं तिला कुणी तरी लालासाहेबांचं नाव सांगितलं होतं.

“कोन काय पयलं बोललं, त्ये तुमी हुडकून काडता म्हनं.”

“पुस्तकातलं, बाई.”

“माझ्या धुळाचं हुडका.”

दोन वर्षांपूर्वी वाडीच्या डोंगरात दोन भूमिगत पोरं लपली होती. पोलिसांनी त्यांना तिथंच गोळ्या घातल्या. मग वाडीत बोलणं उठलं, की मेंढरं चारणाऱ्या तिच्या लेकानं, धुळानं, जागा दाखवली. वाडीनं धुळाला चिंचेला बांधलं, बाभळीच्या फोकांनी तळवे सोलून काढले आणि तशाच पायांनी त्याला वैशाखातल्या तापल्या कातळावर उभं केलं. तो गुडघ्यांवर रांगत घरी आला. तिसऱ्या दिवशी गेला. तेवढ्या दिवसांत शेजारणींनी तांब्याभर पाणीसुद्धा दिलं नाही.

“मारनाऱ्यांची नावं मला ठावं हायती,” हरणाबाई म्हणाली. “पयलं कोन बोललं, येवढंच पायजे.”

लालासाहेबांना तिची कणव आली. पण खरं सांगायचं तर हात शिवशिवले ते दुसऱ्याच कारणानं. जिवंत साखळी त्यांना आजवर मिळाली नव्हती.

चार दिवसांनी सर्व्हिस मोटारीनं वडूज आणि तिथून बैलगाडीनं ते हरणाबाईबरोबर वाडीत पोचले. ऊन पांढरं पडलं होतं. चिंचेखाली घोंगडं अंथरून ठेवलेलं होतं आणि शेजारी पाण्याची घागर. “येणार म्हणून कळवलं होतंस?” त्यांनी विचारलं. हरणाबाईनं मान हलवली. नाही.

वाडीतली कुत्री परक्याच्या अंगावर धावून जातात. त्यातलं एक आलं, लालासाहेबांचा हात हुंगून पायाशी बसलं.

त्यांनी वही उघडली. पहिला आकाराम, फोक तोडून आणणारा.

“तू स्वतः पाहिलंस, धुळा पोलिसांशी बोलताना?”

“न्हाई जी. बनुबाईनं सांगितलं.”

बनुबाई चहा घेऊन आली. चहा बिनसाखरेचा होता. लालासाहेब तसाच पितात, पण हे त्यांनी इथं कुणाला सांगितलं नव्हतं.

“मला गुंडा बोलला,” बनुबाई खाली बघत म्हणाली.

दुसरी साखळी त्यांनी हंबीरराव पाटलापासून धरली. पाटलाला सिद्धूनं सांगितलं होतं. सिद्धूला गुंडानं. दोन वेगळ्या वाटा एकाच माणसाशी येऊन मिळाल्या, तशी लालासाहेबांची लेखणी भरभर चालू लागली. त्यांनी गुंडाला बोलावलं.

गुंडा पन्नाशीचा, हडकुळा, हसऱ्या डोळ्यांचा. समोर उकिडवा बसला.

“तुला कोणी सांगितलं?”

गुंडा हसला. “आवं सायेब, थट्टा करताय व्हय?”

“नाव सांग.”

“तुमीच की. ह्याच झाडाखाली. म्हनालात, ‘धुळा कसा माणूस आहे? पोलिसांशी बोलतो का?’ मी म्हनलं, मला न्हाई ठावं. तुमी लिवलंत आनि म्हनलात, ‘खरं काय ते देव जाणे.’ मग म्या बनुबाईला म्हनलं, साताऱ्याचा सायेब धुळाची चवकशी करतोय, कायतरी आसंल.”

“मी इथं पहिल्यांदाच येतोय.”

“आसंल जी,” गुंडा अदबीनं म्हणाला.

“त्या महिन्यात मी मिरजेला होतो. पोटाचं ऑपरेशन झालं माझं.”

“व्हय. पोट धरूनच बसला हुता तुमी. टाकं दुकत हुतं.”

लालासाहेबांनी बनुबाईकडे पाहिलं. आकारामाकडे पाहिलं. कुणाच्याही तोंडावर नवल नव्हतं.

त्यांनी वही मिटायला घेतली. पण पंचवीस वर्षांची सवय. तिनं त्यांना सावरलं. साखळीनं अशक्य गोष्ट सांगितली, तर सांगणारा तपासायचा. ते पाटलाकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, “हंबीरराव, हा गुंडा कसा माणूस आहे? खोटं बोलतो का?”

पाटलानं गुंडाकडे पाहिलं.

“गुंडाबद्दल इचारताय?” पाटील म्हणाला.

“नुसतं विचारतोय.”

“मागच्या खेपंलाबी तुमी आसंच म्हनलात.”

आकाराम उठला आणि कुंपणाच्या बाभळीकडे गेला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

“अहो, तसं नव्हे!” लालासाहेब ओरडले. “ही फक्त पद्धत आहे! थांबा!”

सिद्धूनं दोर आणला.

गुंडाचं हसू गेलं नव्हतं, फक्त डोळ्यांतून उतरून ओठांवर राहिलं होतं. त्यानं वहाणा काढल्या, जोडीनं बाजूला ठेवल्या आणि बुंध्याला पाठ लावून पाय लांब केले.

“सायेब,” तो हळूच म्हणाला, “माजं बी लिवून घ्या. कुनी इचारलं तर आसावं.”

तेवढ्यात हरणाबाई पुढं झाली. लालासाहेबांच्या समोर येऊन थांबली.

“घावलं का नाव?”

साखळी पुरी झाली होती. वहीत सगळ्यांच्या वर एकच जागा रिकामी होती. तिथं कोणाचं नाव जातं, ते लालासाहेबांना माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता. तो शब्द बोलला असता, तर गुंडा बुंध्यापासून सुटला असता.

त्यांनी गुंडाचे तळवे पाहिले. भेगाळलेले, पांढरट. मग मोजे घातलेले स्वतःचे पाय पाहिले.

“गुंडा,” ते म्हणाले.

हरणाबाईनं डोळे मिटले. आकारामाच्या हातातला एक फोक तिनं मागून घेतला.

गाडीवाला मिळेना, म्हणून लालासाहेब वडूजपर्यंत पायी आले. मैलभर मागून आवाज येत होता. मग वारा फिरला.

मोटार स्टँडवर दुपारची गर्दी होती. ते बाकावर बसले, टोपी काढली, पाणी मागवलं. गर्दीतून एक अनोळखी बाई वाट काढत आली. कडेवर तान्हं मूल. आली ती सरळ त्यांच्या पायांवर वाकली.

“सायेब, माज्या दाल्ल्याला, अर्जुनाला संबाळा. लय चांगला हाय त्यो. कुनाच्या आद्यात न्हाई, मद्यात न्हाई. तसंच लिवा, तुमच्या पाया पडते.”

लालासाहेब गांगरले. थकलेल्या तोंडातून शब्द निसटून गेले.

“कोण अर्जुना?”

बाईचा चेहरा राखेसारखा झाला. तिनं मुलाला छातीशी घट्ट धरलं आणि मागं सरली.

चहाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या एका माणसानं बशी खाली ठेवली आणि शेजारच्याला हळूच म्हणाला, “ह्ये अर्जुनाची चवकशी करत्यात रं.”