पांढऱ्या पडद्यातली आई

शर्वरीने बटण दाबलं. पडदा पांढराफटक उजळला, पण आई काही दिसेना. काल तर छान हसत होती.

आई दीड वर्ष चंद्रावरच्या तळावर होती आणि रविवारी घरी यायची होती. ती गेली तेव्हा निमिष जेमतेम सहा महिन्यांचा. आता तो दोन वर्षांचा झाला होता आणि अनोळखी माणूस दिसलं की भोकाड पसरायचा. आईला बघूनही त्याने तेच केलं तर? शर्वरीला हीच धास्ती होती. हवेत उमटणारं आईचं चित्र त्याला दाखवावं, तर हात आरपार जायचा आणि स्वारी घाबरून पळायची. म्हणून मग आजोबा आणि नातीने तीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप उघडून, त्याचा पडदा लाकडी चौकटीत बसवून, हात लावता येईल अशी फोटोफ्रेम केली होती.

आजोबांनी सांगलीत आयुष्यभर कॉम्प्युटर दुरुस्त केलेले. ते चष्मा कपाळावर चढवून आले. "तू काही केलंस का, शरू?"

"काही नाही. फक्त तुमचं प्लॅस्टिक काढलं."

त्या घरात रिमोटपासून सोफ्यापर्यंत सगळ्याला आजोबांचं प्लॅस्टिक असायचं. वस्तू कशी नवीकोरी राहायला हवी ना! पडद्यावरचा करडा पापुद्राही त्यांचाच असणार, असं समजून पोरीने तो नखाने सोलून टाकला होता.

आजोबा मटकन खाली बसले. "अगं, ते माझं नव्हे. तो ध्रुवक होता (प्रकाशाच्या लहरींना एकाच दिशेत थरथरू देणारा पापुद्रा)."

"म्हणजे आई गेली?" शर्वरी रडवेली झाली.

"जाते कुठे? ती बघ, समोर आहे."

समोर तर नुसता पांढरा उजेड होता. शर्वरीला काही म्हणता काही कळेना.

"खिडकीच्या उभ्या गजांतून दोरी ओवली, तर ती वर-खाली हलवता येते. आडवी हलवली की गजाला अडते. प्रकाशाचंही तसंच. पडद्यामागच्या दिव्याचा प्रकाश आधी एका ध्रुवकातून येतो, म्हणजे एकाच दिशेत थरथरतो. पुढे द्रवस्फटिक असतात (द्रवासारखा वाहणारा, पण ज्याचे कण शिस्तीत उभे असतात असा पदार्थ). विजेच्या इशाऱ्यावर ते थरथरण्याची दिशा वळवतात, कुठल्या ठिपक्यावर जास्त, कुठे कमी. शेवटचा ध्रुवक त्यातला काही प्रकाश सोडतो, काही अडवतो. तेव्हा कुठे चित्र दिसतं."

"आणि तोच मी काढला."

"हो. आता सगळा प्रकाश सरसकट बाहेर येतोय. दिशेतला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही."

शर्वरीने केराच्या डब्यातून पापुद्रा काढून डोळ्यासमोर धरला. आई दिसली, पण केस पांढरे आणि चेहरा काळानिळा.

"आजोबा, आई अशी काय दिसतेय?"

"पापुद्रा थोडा फिरव."

पाव वळसा फिरवल्यावर आई आईसारखी दिसली. पण पापुद्रा चुरगळला होता, पडद्यावर परत चिकटेना. तेव्हा शर्वरीने त्याचे दोन चांगले तुकडे एकाच दिशेने कापले आणि निमिषच्या खेळण्यातल्या चष्म्यात बसवले.

निमिषचा मात्र पुरता गोंधळ उडाला. चष्मा लावला की आई, काढला की गायब. तो चौकटीमागे जाऊन तिला शोधून यायचा.

रविवारी दार उघडलं. दारात आई. निमिष चष्म्यातून बघतच राहिला. त्याचा खालचा ओठ बाहेर आला, तशी शर्वरी त्याच्याजवळ सरकली.

त्याने चष्मा काढला. आई तिथेच होती. त्याने तो पुन्हा लावला, पुन्हा काढला. आई गुडघ्यांवर बसून रडत हसत होती.

"ताई," तो चक्रावून म्हणाला, "आई जात नाही."

आणि चष्मा तिथेच टाकून त्याने आईसमोर दोन्ही हात वर केले.