बाद घोडीची फेरी

शंभूची घोडी लोहाऱ्याच्या रस्त्यात आडवी उभी राहिली नसती, तर प्रवाशांनी भरलेली जीप थांबलीच नसती. जीपमधून हर्षाली उतरली. जनावरांच्या दवाखान्यात नव्यानंच रुजू झालेली डॉक्टर ती. घोडीचा पाय उचलून तिनं खुरात रुतलेला खडा काढला. मालकाकडं पाहिलं ते नंतर… आणि जरा जास्तच वेळ.

मग शंभू दवाखान्यात येतच राहिला. घोडी, म्हणजे राणी, चारा कमी खाते म्हणून, नाही तर जास्त खाते म्हणून. बसल्या बसल्या गावच्या शर्यतीचं सांगायचा. निजामाच्या काळी घोडदळासाठी तीन वर्षांची घोडी शर्यतीत पळवून निवडत. घोडदळ गेलं, शर्यत राहिली. जनावर तीन वर्षांचंच हवं, म्हणजे जन्मात एकदाच संधी. राणीची ती यंदा होती.

जत्रेत शर्यतीआधी घोड्यांचं वय तपासायचं काम हर्षालीकडं आलं. खालच्या जबड्यात पुढचे पक्के दात दोनच हवेत; तिसरा आला की जनावर तीनच्या पुढं गेलं. राणीचा तिसरा हिरडी फोडून नुकताच वर आला होता. तिच्याशिवाय तो कुणालाच दिसला नसता. तिनं शंभूकडं पाहिलं. त्यानं राणीच्या आयाळीत गोंडे गुंफले होते.

"बाद," ती म्हणाली.

शंभूनं गोंड्यांवरचा हात काढून घेतला. आता हा दवाखान्याची पायरी चढणार नाही, एवढंच हर्षालीला कळलं.

तेवढ्यात म्हाताऱ्या पंचांनी, हणमंतप्पांनी, राणीचा लगाम हर्षालीच्या हातात दिला. पूर्वी घोडं बाद झालं की काठ्या निघत. म्हणून ठरलेलं — बाद करणाऱ्यानं लगाम धरायचा, मालकाबरोबर मैदानाची फेरी मारायची, आणि राग तिथंच टाकून यायचं. डॉक्टरीणबाईंनाही सुटका नव्हती.

दोघं निघाले. अर्धं मैदान मागं पडल्यावर हर्षालीनं विचारलं,

"रागावलात?"

"राणी लई रागावलीय. म्या न्हाय."

"मी गप्प राहिले असते तर पळाली असती ती."

"व्हय. पन मग तुमच्यावर जन्माचा भरवसा… कसा टाकला असता?"

हर्षाली थांबली. राणीही थांबली.

"हे सांगताय, की विचारताय?"

"विचारतोय. मला बी बाद करायचं तर आत्ताच करा. फेरी अजून हाय."

"बाद केलं, तर तुमच्याबरोबर आणखी एक फेरी मारावी लागेल."

"मारू की."

ती हसली. लगाम तिनं दुसऱ्या हातात घेतला, आणि शंभूच्या बाजूचा हात मोकळा ठेवला.