चौऱ्याऐंशीवे मिनिट

त्या दोघांची गाठ पडली ती एका तुटलेल्या तारेमुळे.

ती मुलांच्या चित्रपट समितीची परीक्षिका. शाळांना दाखवायचा चित्रपट आधी रिकाम्या थिएटरात बसून पाहायचा आणि जिथे खटकेल तिथे खुर्चीजवळचे बटण दाबायचे, हे तिचे काम. बटण दाबले की वर यंत्राच्या खोलीत घंटा वाजे आणि ऑपरेटर ते मिनिट वहीत टिपून ठेवी. त्या दुपारी तिने तीनदा बटण दाबले, तरी वर सामसूम. अखेर ती लोखंडी जिना चढून गेली, तर नवा ऑपरेटर दातांत पेचकस धरून तारेची टोके जुळवत बसलेला. पत्र्यावर पाऊस टिपटिपत होता.

"तीनदा दाबलं मी," ती म्हणाली.

"दिसतंय. कपाळावर तीन आठ्या आहेत." त्याने पेचकस काढला, जरासा हसला. "एक मिटली… आता दोनच राहिल्या."

पुढच्या चार महिन्यांत तार पक्की झाली आणि ओळखही. खटकण्यासारखे काही नसतानाही तिचे बोट बटणाकडे वळू लागले; मग उत्तरादाखल तो वरून भिंतीवरचा एक दिवा हलकेच मंद करून पुन्हा उजळवी. त्या मिनिटांपुढे वहीत तो केवळ एक टिंब देई. दोघेही त्याविषयी चकार शब्द काढत नसत.

मग तो यंत्रमानवाचा चित्रपट आला. एका घरात वाढलेला यंत्रमानव, त्याला हळूहळू मन फुटते. शेवटी तो जुना होतो, घरच्यांना त्याला बंद करावे लागते. "उद्या मला कोण उठवेल?" असे तो विचारतो, आणि घरातली लहान मुलगी "मी" म्हणत कळ दाबते. मुलांना हे दाखवावे की नाही, यावर समितीत दोन तट पडले होते. निर्णय तिच्यावर सोपवला गेला.

तिची पद्धत ठरलेली होती. पहिल्यांदा एकटीने पाहायचे, दुसऱ्यांदा एका मुलाबरोबर, तिसऱ्यांदा पुन्हा एकटीने. त्यापूर्वी मत द्यायचे नाही. ऐन पंचविशीत लग्नाला घाईने दिलेला एक होकार तिने भोगून परत घेतला होता. तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत असे.

दुसऱ्या वेळी तिने बहिणीची सात वर्षांची मुलगी आणली. घरात तिला सगळे ढमी म्हणत. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला, कळ दाबली गेली तेव्हा, ढमी हुंदके देऊन रडली. मावशीने तत्काळ घंटा वाजवली.

चित्रपट संपल्यावर ढमी खाली खुर्च्यांच्या रांगांतून धावत होती. तो जिन्यात उभा राहिला.

"अयोग्य ठरवणार?"

"मूल रडलं. आणखी काय हवं?"

"घाबरलेलं मूल डोळे झाकतं, मॅडम. तिनं एकदाही झाकले नाहीत. मी वरून पाहत होतो." तो थांबला. "पहिल्या वेळी याच मिनिटाला तुमची घंटा वाजली नव्हती. तेव्हाही पाहत होतो…"

तिने नजर खाली वळवली. मग त्याने ते सांगितले. दूरच्या शहरातल्या नव्या थिएटरने त्याला बोलावले होते. शनिवारची गाडी होती.

"तुम्ही थांबा म्हणालात, तर थांबेन."

शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण आयुष्यभराची सवय त्याच्याआधी बोलून गेली. "तीनदा पाहिल्याशिवाय मी मत देत नाही. तिसरी वेळ मंगळवारी आहे."

थट्टेचा सूर लावायचा होता; तो लागला नाही. यंत्रांशी वागणारा माणूस, धीर धरील, असे तिला वाटले. "मंगळवारी… बरं," तो म्हणाला आणि वर गेला.

रविवारी ती बहिणीकडे गेली. ढमीने खोक्याचा यंत्रमानव करून उशीवर निजवला होता, वर ओढणी पांघरली होती.

"हा मेला का गं?" मावशीने जपून विचारले.

"मावशी, तू पाहिलास ना? तो झोपलाय. उद्या मी उठवणारे. मी सांगितलंय त्याला." आणि मावशीच्या अज्ञानाची कीव येऊन ढमीने समजावले, "रडू आलं, कारण तो छान होता."

ती जिना उतरून थेट थिएटरात गेली. शनिवार उलटून गेला होता, हे तिला ठाऊक होते, तरी गेली. यंत्राच्या खोलीला कुलूप होते.

मंगळवारी वयस्कर, काटेकोर असा दुसरा ऑपरेटर आला होता. त्याने तिच्या हाती जुनी वही दिली. चौऱ्याऐंशीव्या मिनिटापुढे ओळखीचे अक्षर होते. 'पहिली वेळ : घंटा नाही. मॅडम रडत आहेत. भीती दिसत नाही.' खाली, 'दुसरी वेळ : घंटा वाजली. ढमी पडद्याकडे पाहत होती, मॅडम ढमीकडे.' त्याखाली 'तिसरी वेळ' असे लिहून जागा कोरी सोडली होती. पानाच्या तळाशी फक्त एवढेच : 'उत्तर मिळाले, असे समजलो.'

पत्ता नव्हता. विचारला असता तर कुणी दिलाही असता. पण कोणत्या तोंडाने विचारायचा, ते तिला सुचेना.

तिने वही परत दिली आणि चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला तिने बटण दाबून धरले. घंटा कितीतरी वेळ वाजत राहिली. दिवा मात्र मंद झाला नाही.

चित्रपट संपल्यावर तिने अर्जावर 'सर्व मुलांसाठी योग्य' असे लिहून सही केली. नवा ऑपरेटर वही घेऊन खाली उतरला. "मिनिट टिपलंय, मॅडम. खटकलं काय, ते लिहावं लागेल."

"इथे…" ती म्हणाली, "इथे मी 'थांबा' म्हणायला हवं होतं."

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग नियमाप्रमाणे तेच शब्द 'तिसरी वेळ'पुढच्या कोऱ्या जागेत उतरवले आणि खाली रेघ ओढली.