वुकेलिचांच्या तळघरातला गार वारा

"जोर लाव की, जोरी. जेवला नाहीस का?" बिअरचं पिंप तळघराच्या पायऱ्यांवरून उतरवताना मारा म्हणाली.

"जेवलोय. पण हे पिंप माझ्यापेक्षा जास्त जेवलंय," तिचा मित्र जोरी धापा टाकत म्हणाला.

माराचा चुलतभाऊ निको वरच्या पायरीवर बसून नुसते हुकूम सोडत होता. सुट्टी लागली की तिघांचा मुक्काम वुकेलिच सलूनमध्ये. केस कापायचं सलून नव्हे हं. तांब्याच्या खाणीतून वर आलेल्या माणसांनी घसा ओला करायचं ठिकाण. माराच्या पणजोबांनी ते डोंगराला पाठ टेकवून बांधलं होतं. पुढे खाण बंद पडली, निम्मं गाव ओस पडलं, तरी सलून चालूच राहिलं. लुकाआजोबा अजून रोज पितळी नळ घासून लखलखीत करत. जुने खाणकामगार रोज त्याच खुर्च्यांवर बसून त्याच गोष्टी सांगत आणि मारा त्या रोज नव्यानं ऐकत असे.

पिंप खाली पोचलं आणि मारा थबकली. "इथं उकडतंय."

"उन्हाळा आहे, बाई," निको म्हणाला.

"तळघरात उन्हाळा नसतो."

खरंच होतं ते. मागच्या भिंतीतली लोखंडी जाळी खाणीच्या जुन्या बोगद्यात उघडायची. तिच्यातून इतका गार वारा यायचा, की आजोबा भर उन्हाळ्यात कोट चढवून खाली उतरत. त्या वाऱ्यावरच बिअर गार राहायची. आता मात्र जाळीवरचं कोळिष्टकसुद्धा हलत नव्हतं.

वर निकोचे वडील, आंतेकाका, आजोबांच्या मागे लागले होते. "बाबा, आठवडाभर बिअर कोमट आहे. लोक तोंडं वाकडी करतात. गार करायचं यंत्र घेणं आपल्याला परवडत नाही. शुक्रवारी तो हॉटेलवाला येतोय, विकून मोकळे व्हा."

"डोंगर कंटाळला असेल आम्हाला," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला माराने कधी ऐकला नव्हता.

तिने जोरीच्या आजोबांना, म्हाताऱ्या पेनरोजना, गाठलं. "तो गार वारा यायचा कुठून, आजोबा?"

"डोंगर श्वास घेतो, पोरी. उन्हाळ्यात वरच्या भोकातून आत घेतो, खाली तुमच्या तळघरात सोडतो. हिवाळ्यात उलटं. शाळेत जाताना आम्ही त्या भोकावर हात शेकायचो. चहूकडे कमरेएवढं बर्फ, अन् तिथं मात्र हिरवंगार गवत. तुझा लुका तर तिथंच बसून शाळेला दांडी मारायचा." म्हाताऱ्याचे डोळे पाणावले. "वाकड्या पाइनखाली. कोण जातंय आता तिकडे."

तिघं निघालीच. चढ छातीवरचा होता. वाकड्या पाइनखाली भोक दिसेना. दिसला तो फळ्यांचा आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग. फळ्यांना हिरवा रंग होता. नुकतीच उखडलेली सलूनची जुनी लाकडी जमीन!

"हा कचरा गावाबाहेर टाकून येतो म्हणाले होते आमचे बाबा," निको हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

जोरी फळी ओढायला धावला, पण माराने त्याची कॉलर धरली. "खाली केवढं खोल आहे कुणाला ठाऊक. हे मोठ्यांचं काम."

"विचारलं तर बाबा कानांवर हात ठेवतील," निको म्हणाला. "माझ्यावर सोडा."

संध्याकाळी सलून भरलेलं असताना निकोने साळसूदपणे विषय काढला. "बाबा, वाकड्या पाइनखाली कुणीतरी कचरा टाकलाय."

"असू दे. हिरव्या चार फळ्यांनी डोंगराचं काय बिघडतंय?"

"हिरव्या, हे मी कुठं म्हटलं?"

सगळ्या माना आंतेकाकांकडे वळल्या. मग माराने डोंगराच्या श्वासाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. आंतेकाकांचा चेहरा उतरला. "मला... ते भोक कशाचं, ते ठाऊकच नव्हतं," ते पुटपुटले.

"कसं असणार? मी कधी नेलंच नाही तुला तिथं," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांनी आंतेकाकांच्या कमरेला दोर बांधला आणि एकेक फळी वर काढायला लावली. "उभा जन्म खाणीत घातला, पण आमच्या टाळक्यात हे शिरलं नाही," पेनरोजआजोबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

खाली तळघरात लुकाआजोबा जाळीपाशी उभे होते. त्यांचे पांढरे केस भुरुभुरु उडू लागले. त्यांनी कोट अंगात चढवला.

"हॉटेलवाल्याला काय सांगू, बाबा?" आंतेकाकांनी मान खाली घालून विचारलं.

"सांग, डोंगर अजून श्वास घेतोय," आजोबा म्हणाले. "आणि मीसुद्धा."