न ढवळलेली टाकी

"माझ्या पोराचे डोळे कुणी घेतले, तेवढं सांगा बाई," भागाबाई म्हणाल्या. "पुढं त्याचं मी बघते."

सीमा दुधाटे हिंगोलीत खासगी तपासाची कामं घ्यायची. सोबत तिचे मामा व्यंकटराव, पतपेढीतून निवृत्त. माणूस समोर आला की त्याचा जमाखर्च मनात मांडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. भागाबाईंच्या नावे त्यांनी मांडलं: जमा, एक मुलगा, खर्च, त्याचे दोन्ही डोळे.

जवळा बाजार गावाजवळच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात भागाबाई झाडलोट करत. त्यांचा मुलगा हनुमान तिथंच कामाला. काल सकाळी त्यानं टाकीच्या तळाच्या नळाखाली बादली धरली, सौम्य लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, काढली आणि सवयीनं तीत कढत पाणी ओतलं. बादली उसळून तोंडावर आली.

पोलिसांनी त्याच्यासोबत काम करणाऱ्या मुन्नाला उचललं. दोघांत बांधावरून भांडण होतं. जहाल लाय बादलीत यानंच घातली, असा संशय.

कारखान्याच्या पंपघरातल्या देवळीत झेंडूचा ताजा हार होता.

"देव लई चकचकीत ठेवता, बाई," व्यंकटराव भागाबाईंना म्हणाले. "कालचा हार कुठं गेला?"

"वाहत्या पाण्यात. मी पायदळी जाऊ देत न्हाई."

बाहेर कोरड्या ओढ्यात शेळ्या रवंथ करत होत्या.

मॅनेजर गोपीचंद टाकी दाखवू लागले. "आधी निव्वळ पाणी भरून पंप लावायचा. तो टाकीतलंच पाणी ओढून तळाच्या अरुंद तोटीतून परत आतच जोरात सोडतो. ती धार भोवतालचं पाणी ओढत सगळी टाकी ढवळते. मग वरून लाय. परवा मीच मोजून ओतली. जास्त नव्हती."

"पंपाच्या तोंडाला जाळी दिसत नाही?"

"सारखी तुंबायची, मॅडम. टाकली काढून."

कोठडीत मुन्ना भिंतीशी बोलावं तसं बोलला. "पंपाच्या दाबाचा काटा चढला व्हता. टाकीतलं पाणी बी गप पडलेलं. पर आमचं बोलणं बंद. मी काहून सांगू त्याला?"

"हाच तो!" बाहेर पडताच व्यंकटरावांनी खातं बंद केलं.

"मामा, तुमची बेरीज नेहमी बरोबर असते. आकडेच दुसऱ्याचे असतात."

सीमानं टाकी रिकामी करून तोटी उघडायला लावली. आत सुती दोऱ्याचा लगदा गच्च बसला होता.

"मुन्नाची पुसायची चिंधी," गोपीचंद म्हणाले.

सीमानं दोरा उलगडला. दर दोन बोटांवर गाठ होती.

संध्याकाळी पंपघरात फौजदार मुन्नाला घेऊन आले. गोपीचंद होते, भागाबाई होत्या.

"बादलीत कुणी काही घातलं नाही," सीमा म्हणाली. "लाय पाण्याहून जड. ढवळली नाही तर तळाला बसते. हनुमाननं तळातूनच काढली. तोटी तुंबली होती, म्हणून काटा चढला आणि पाणी गप राहिलं. मुन्नानं पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं."

मुन्नानं मान खाली घातली.

"आणि चिंधीला अशा गाठी नसतात. हाराच्या दोऱ्याला असतात. फुलं लायीत गळून गेली, सुती दोरा टिकला. पूर्वी हे हार जाळीत अडकायचे. तीच तुमची तुंबणारी जाळी, गोपीचंद."

व्यंकटरावांना आता कुठं ओढ्यातल्या शेळ्या आठवल्या. ते घाईनं म्हणाले, "पोरी, राहू दे!"

"राहू दिलं तर मुन्ना आत जातो, मामा." ती वळली. आवाज खाली आला. "भागाबाई, ओढा आटलाय. वाहतं पाणी कुठलं?"

भागाबाईंनी टाकीकडं पाहिलं. "लाय पडायच्या आधी लई झ्याक फिरतंय, बाई. गंगेवानी. मला वाटलं, देवाचं हाय, जाईल वाहून."



फौजदारांनी मुन्नाला सोडलं. जाताना तो भागाबाईंच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागं घेतले. गोपीचंद कुणाला तरी फोनवर जाळी शोधायला सांगत होते.

व्यंकटरावांनी खातं पुन्हा मांडून पाहिलं. नावे टाकायला कुणी एक माणूस सापडेना.

"दवाखान्यात गेले की पोरगं हात चाचपडतं," भागाबाई म्हणाल्या. "इचारतं, सापडला का गं माय?"

बोलता बोलता सवयीनं त्यांचा हात देवळीकडं गेला. सकाळचा हार उतरवून त्यांनी ओंजळीत घेतला, दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या.

"आता ह्यो कुठं टाकू, बाई?"