शेकाची वीट

पोट्टेहो, लाईट गेली की तुमाले माही आठवण येते. मोबाइलची बॅटरी उतरली म्हणून म्हाताऱ्याले छळायचं! सांगतो, पण मधात कोणी हसलं तं उठून जाईन. अंकुर, ते दार लोटून घे बे.

नत्थूजी तुमाले माहीत आहे, तिगावच्या रस्त्याले संत्र्याचा बगीचा आहे तो. त्याची बायको केसरबाई. शुगरची बिमारी होती तिले. डावा पाय थंडगार पडला, अंगठा काळा झाला. नागपूरच्या डाक्टरनं सांगतलं, पायाकडे रगत नेणाऱ्या नसा खालपर्यंत बंद आहे. पण पाय वाचू शकते. सुईएवढ्या भोकातून तार घालायची, अन् रगत वर आणणारी जी शीर असते, तिच्यातूनच ते खाली सोडायचं.

नत्थूजी म्हणे, "म्हणजे ठिबकची नळी चोक झाली तं दुसऱ्या नळीतून पाणी फिरवायचं." डाक्टर हसला.

झालं ते काम. मोठी चिरफाड काही नाही. घरी पाठवताना डाक्टरनं बजावलं, "नव्या वाटेनं रगत मुरायले वेळ लागते. तोवर पाय थंड लागन, पण शेकायचा नाही. तिले चटका समजत नाही."

पण आपल्या इकडे थंड पाय दिसला की चुलीत वीट तापते. नत्थूजीले पाहवलं नाही. रात्री वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, तिच्या तळव्याले लावली. "बरं वाटून राहिलं, जी," केसरबाई म्हणे. तिले काय समजत होतं? तिनं त्याचं मन राखलं.

सकाळी कातडं फडक्यासोबत निघालं. पाय सडला, गुडघ्याखाली कापला. मागच्या होळीच्या आधी ती गेली. नत्थूजीनं वीट जाम नदीत फेकली, अन् तवापासून चूल पेटवली नाही. चहा बी गॅसवर.

पोरगा वीरेंद्र विचारे, "बाबा, वीट लावाले कोणी सांगतलं?" अन् नत्थूजी काय बोलला? "मोतीराम म्हणाला होता." मी! मी तं त्या रात्री बोरगावले लग्नात होतो. वीरेंद्रनं बस स्टँडवर, चार लोकाईत मले म्हटलं, "काका, माह्या मायचा पाय तुम्ही खाल्ला." नत्थूजी बाजूलेच उभा होता. खाली मान घालून.

आता ऐका. यंदाच्या भोगीची रात्र, मंगळवार. वीरेंद्र सासुरवाडीले सौंसरले गेलेला. नत्थूजी घरी एकटाच. बगीच्यात लाईट रात्रीच येते, म्हणून मोटर चालू करायले गेला. पाणी लावलं, बिडी ओढली, परत आला. कडी काढली.

चूल पेटलेली.

त्यानं पेटवली नव्हती.

चुलीत वीट. तीच.

"अजी..."

खाटेवरून आवाज. खाटेवर कोणी नाही.

"पाय थंड पडला, जी..."

"केसर, शेकायचा नाही," तो कसाबसा बोलला. "डाक्टर नाही म्हणते."



मग...

"तवा काहून नाही म्हटलं?"

तो खालीच बसला. "मीच केलं वो. मोतीरामनं नाही सांगतलं. मीच..."



खाट करकरली. कोणीतरी उतरलं. एक पाय टेकला...

मग दुसरा.

दुसरा.

चूल विझली.

पहाटे नत्थूजी माह्या दारात उभा, दात वाजून राहिले होते त्याचे. हे सगळं सांगतलं. मग माह्यासमोर पोराले फोन लावला अन् कबूल केलं. वीरेंद्र दुपारी आला. आम्ही तिघं चुलीजवळ गेलो. राखेतून वीट काढली, तं बर्फासारखी गार. पालथी केली...

भट्टीतली पक्की वीट, पोट्टेहो. तिच्यावर डाव्या पायाची पाच बोटं रुतलेली. कच्च्या मातीत रुतते तशी. अंगठा बी धड.

वीरेंद्रनं त्या अंगठ्यावर हात ठेवला. रडला. बापाच्या गळ्यात पडला. वीट छातीशी धरून घेऊन गेला. माह्याकडे पाह्यलं बी नाही. चार लोकाईत बोलला होता, चार लोकाईतच माफी पाहिजे मले. भोगी होऊन किती दिवस झाले... अजून आला नाही वीरेंद्र.